हरकत नाही

मॅजिस्ट्रेटनं आनंद परचुरेंना सहा महिन्यांची साधी कैद सुनावली आणि तासाभरानं परचुरे शिवाजीनगर कोर्टाच्या कँटीनमध्ये बसून चहा पीत होते. मंदाकिनी दातारनं ते दारातून पाहिलं. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश पीत होते. शेजारी त्यांची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि कसल्यातरी गोळीची पट्टी उलटीपालटी करून बघत होती.

शिक्षा झालेला माणूस इथे काय करतोय, असं मंदाकिनीनं तिच्या वकिलाला, नबील इनामदारला, विचारलं. नबीलनं समजावून सांगितलं. एवढ्या लहान शिक्षेत अपील करायला मुदत मिळते, तोवर शिक्षा स्थगित होते, जामीन मिळतो. परचुरे आता सेशन्स कोर्टात अपील करतील आणि त्याचा निकाल लागेपर्यंत घरीच राहतील.

"म्हणजे किती दिवस?"

"मावशी, दिवसांत नका विचारू," नबील म्हणाला.

मंदाकिनी आणि मुक्ता या दोघी सख्ख्या बहिणी. दोघींनी लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे सदाशिव पेठेत आता कोणी विचारतही नव्हतं. खुन्या मुरलीधराच्या मागच्या गल्लीत दोघींचं पोळी-भाजी केंद्र होतं. क्लासला आलेली मुलं, एकटे राहणारे म्हातारे, दोघंही नोकरीला जाणारी जोडपी, अशी सगळी संध्याकाळी रांगेत उभी असत. आतलं सगळं मंदाकिनी बघायची. बाहेरचं मुक्ताकडे, मंडई, गॅस, बँक आणि घरपोच डबे. ती तिच्या जुन्या स्कूटरवरून पेठेत फिरायची आणि फिरता फिरता लोकांना शिस्त लावायची. नो एंट्रीतून कोणी पोरगा येताना दिसला की गाडी आडवी घालून त्याला थांबवायची आणि अगदी शांतपणे विचारायची, "घरी कोणाला वाचता येतं का?" स्वतःला कधी उलट दिशेनं जायची वेळ आलीच तर ती गाडी बंद करायची, खाली उतरायची आणि रस्त्याच्या कडेनं हातात धरून ढकलत न्यायची. दहा पावलं जायचं असलं तरी.

त्या सकाळीही ती तशीच चालली होती. हँडलला दोन डबे लटकवलेले. समोरून एक रिक्षा आली आणि रिक्षाला मागे टाकायच्या घाईत परचुरेंची मोटार गल्लीच्या कडेला घुसली. दवाखान्यात नेईपर्यंत मुक्ता गेलेली होती. मंदाकिनीला निरोप मिळाला तेव्हा ती फोडणी देत होती, आणि गॅस बंद केला की नाही हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

परचुरे सरकारी नोकरीतून वरच्या हुद्द्यावरचे अभियंता म्हणून निवृत्त झालेले होते. चांगल्या घरातले, व्याख्यानांना जाणारे, पेठेतच एका सोसायटीत राहणारे. अपघात झाल्यावर ते पळाले नाहीत, पोलीस येईपर्यंत थांबले, हे त्यांच्या बाजूनं पुष्कळ वेळा सांगितलं गेलं. तेवढ्यावर राहिलं असतं तर मंदाकिनीनं कदाचित नशिबाला दोष दिला असता. पण कोर्टात जबाब द्यायची वेळ आली तेव्हा परचुरेंनी सांगितलं की बाई नो एंट्रीतून गाडी चालवत एकदम अंगावर आल्या. स्कूटरचं तोंड उलट दिशेला होतं हे पंचनाम्यात आलेलंच होतं. त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं.

रिक्षावाला निघून गेला होता. मुक्ता चालत होती हे बघणारा एकच माणूस उरला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. उलटतपासणीत परचुरेंच्या वकिलानं, हिंदुराव ढमढेरेंनी, त्याला इतकं घोळात घेतलं की आधी तो बाई चालत होत्या म्हणाला, मग गाडीवरून नुकत्याच उतरल्या असतील म्हणाला, शेवटी आपण कपडे मोजत होतो असंही म्हणाला. तरी मॅजिस्ट्रेटनं त्याच्या पहिल्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि शिक्षा दिली.

पेठेत मात्र परचुरेंचं बोलणं राहिलं. मंदाकिनीच्या काउंटरसमोर रांगेत उभं राहून लोक हळू आवाजात बोलत आणि तिला ऐकू येत असे. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि शेवटी स्वतःच नो एंट्रीतून. एका गृहस्थांनी तर हे तिच्या तोंडावर, सांत्वन करायच्या सुरात सांगितलं. मंदाकिनीनं त्यांच्या पिशवीतल्या पोळ्या काढून परत ठेवल्या आणि उद्यापासून दुसरीकडे बघा म्हणाली. बहीण गेल्याचं दुःख ती कसंबसं गिळत होती. पण मेलेल्या माणसाच्या तोंडावर चिखल फासून हा माणूस संध्याकाळी व्याख्यानाला जातो, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

अपील दाखल झालं आणि पडून राहिलं. मंदाकिनी प्रत्येक तारखेला जायची. परचुरे येत नसत. ढमढेरे त्यांच्या गैरहजेरीची परवानगी घेत आणि पुढची तारीख मागत. नबीलनं अपील लवकर चालवावं म्हणून अर्ज दिले, त्यांचंही काही झालं नाही. नबील म्हणजे मुक्ताच्या शाळेतल्या मैत्रिणीचा, नूरबानूचा मुलगा. लहानपणी दुपारी शाळेतून थेट केंद्रात येऊन जेवायचा. त्यानं तिच्याकडून कधी फी घेतली नाही आणि खोटी आशाही दाखवली नाही. अपील चाललं तर कदाचित ते सुटतीलही, हे त्यानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. इस्त्रीवाल्याची साक्ष फार तकलादू होती.

"आणि सुटले तर?"

"तर मुक्तामावशी नो एंट्रीतून आल्या, असंच राहील."

दोन वर्षं अशी गेल्यावर एका तारखेला उलटंच झालं. ढमढेरेंनी स्वतः अर्ज दिला की अपील लवकरात लवकर चालवावं. नबीलनं अर्जाची प्रत आणली आणि काउंटरच्या आत उभं राहून मंदाकिनीला वाचून दाखवली. परचुरेंची मुलगी स्पृहा कॅनडात. तिच्या बाळंतपणासाठी परचुरेंची बायको तिकडे गेली, नात झाली, ओवी तिचं नाव. आणि तिथेच बायकोच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. तिला इतका लांबचा प्रवास करता येत नव्हता. परचुरेंना जायचं होतं, पण शिक्षा झालेली आणि अपील लोंबकळत असताना व्हिसा मिळत नव्हता. अपिलात सुटले तरच जाता येणार होतं.

मंदाकिनीनं पोळी तव्यावरून उतरवली, नीट तूप लावलं आणि मग म्हणाली, "चालू द्यायचं नाही."

नबीलला वाटलं त्याच्या ऐकण्यात चूक झाली. इतके दिवस ती हेच अपील चालावं म्हणून मागे लागली होती.

"तेव्हा मला हवं होतं. आता त्यांना हवंय."

"मावशी, ती बाई आजारी आहे."

"मुक्ता आजारीसुद्धा नव्हती."

नबीलनं अर्जाच्या प्रतीची घडी घातली. मग त्यानं मार्ग सांगितला. पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला असावा. शिक्षा कमी पडली म्हणून मंदाकिनीला स्वतः अपील करता येत नव्हतं, पण शिक्षा वाढवावी असा पुनरीक्षण अर्ज करता येत होता. त्याची मुदत केव्हाच संपलेली होती, म्हणजे आधी उशीर माफ करा असा अर्ज. त्यावर परचुरेंचं म्हणणं येणार, मग त्यावर युक्तिवाद, मग हुकूम. आणि अर्ज आत घेतला गेला की दोन्ही प्रकरणं एकत्रच चालवावी लागणार. ज्या कोर्टानं तिला इतकं रखडवलं होतं, त्याचंच रखडणं आता तिच्या कामाला येणार होतं.

या अर्जाच्या पहिल्या तारखेला मंदाकिनीनं परचुरेंना इतक्या दिवसांनी समोर पाहिलं. आता ते प्रत्येक तारखेला स्वतः येऊ लागले. फाईल छातीशी धरून पहिल्या बाकावर बसत, पुकारा झाला की सगळ्यांच्या आधी उभे राहत. मंदाकिनी मुद्दाम त्यांना दिसेल अशा जागी बसायची. पुढची तारीख पडली की त्यांच्या खांद्यांकडे बघायची. खांदे खाली यायचे. मग ती बाहेर पायऱ्यांवर बसून घरून आणलेला डबा चवीनं खायची. कित्येक महिन्यांनी तिला अन्नाला चव लागत होती. एकदा परचुरे तिच्याजवळून पायऱ्या उतरत होते, फोनवर मुलीशी बोलत होते. आईला सांग पुढच्या महिन्यात नक्की, असं काहीतरी म्हणत होते. पुढच्या महिन्यात नबील तापानं आजारी पडला आणि त्यानं मुदत मागितली. तो खरंच आजारी होता. मंदाकिनीनं मात्र त्याला त्या दिवशी पेज आणि दोन प्रकारची लोणची पाठवली.

परचुरेंची बायको उन्हाळ्यात गेली. अंत्यविधी त्यांनी इथे घरी बसून, मुलीनं धरलेल्या फोनमधून पाहिला. नबीलला हे ढमढेरेंकडून समजलं आणि त्यानं मंदाकिनीला फोन करून सांगितलं. ती कणीक मळत होती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून तिनं ऐकलं आणि कणीक मळून पुरी केली. तिला बरं वाटलं. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. शेवटचं तोंड न बघता माणूस जाणं म्हणजे काय हे आता त्याला कळलं, असं तिच्या मनात आलं. पण संध्याकाळपर्यंत त्यात थोडं बिनसलं. रांगेतल्या दोन बायका परचुरेंविषयी बोलत होत्या, बिचारे म्हणत होत्या. त्यांना बिचारे म्हणवून घ्यायलाही आता कारण मिळालं, याचा तिला संताप आला.

त्यानंतर महिन्याभरानं परचुरे केंद्रात आले. दुपारची वेळ, रांगेत चारपाच माणसं. ते रांगेत उभे राहिले आणि आपला नंबर येईपर्यंत थांबले. मंदाकिनीनं मान वर केली तर समोर ते. वाळलेले, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल.

"दोन मिनिटं बोलायचं होतं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक असेल तर थांबतो."

तिनं त्यांना आत घेतलं. कामाला असलेल्या बायका जेवायला गेल्या होत्या. परचुरे स्टुलावर बसले नाहीत. आता सुटायचं म्हणून लढायची ताकद आपल्यात नाही, असं त्यांनी सांगितलं. जिच्यासाठी घाई होती ती गेली. पण मुलगी आणि नात तिकडे आहेत, आणि इथे त्या घरात एकट्याला राहवत नाही. ढमढेरेंचं म्हणणं होतं की शिक्षेच्या हुकुमाला आव्हान देणं सोडून द्यावं, फक्त वयाचा विचार करून तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावं अशी विनंती करावी. मृताच्या नातेवाइकांची हरकत नसेल तर कोर्ट बहुतेक ऐकतं. मुलीनं तिकडच्या वकिलाला विचारलं होतं. तुरुंग झाला नाही तर पुढेमागे व्हिसाची आशा होती. मंदाकिनीनं आपला अर्ज मागे घ्यावा आणि हरकत नाही असं लिहून द्यावं, एवढंच मागायला ते आले होते.

मंदाकिनीनं विचारलं, "मुक्ता गाडी चालवत होती?"

परचुरेंनी खाली पाहिलं. "तो जबाब मला ढमढेरेंनी सुचवला होता."

"मी ते नाही विचारलं."

"नाही," ते म्हणाले. "चालत होत्या. गाडी हातात होती."

इतक्या वर्षांत हे वाक्य मंदाकिनीनं स्वतःशी हजारदा म्हटलं होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती.

"मग हे कोर्टात सांगा. जजसमोर, तुमच्या तोंडानं. तुमचं झालं की माझी सही."

परचुरेंनी मान हलवली. जाताना त्यांनी चपला घालायला खूप वेळ लावला, भिंतीचा आधार घेतला. ते गल्लीत पोचायच्या आतच मंदाकिनीला पक्कं ठाऊक झालं होतं की आपण सही करणार नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. नबीलला तर नाहीच.

ढमढेरे मुरलेले वकील. त्यांना आधी मंदाकिनीची सही हवी होती, मग आपल्या अशिलाचं निवेदन. निदान दोन्ही कागद एकाच वेळी तरी. मंदाकिनी अडून बसली, आधी त्यांचं. शेवटी नबीलनं केंद्रातूनच, तिच्यासमोर उभं राहून ढमढेरेंना फोन केला आणि सांगितलं की साहेब, बाईंना मी लहानपणापासून ओळखतो, सही होईल, माझा शब्द आहे. ढमढेरे मानले. फोन ठेवून नबील मंदाकिनीकडे बघून हसला आणि मिटलं एकदाचं म्हणाला. मंदाकिनीनं त्याला ताट वाढलं. तो जेवत असताना ती समोर बसली नाही, आत जाऊन उगाच डबे पुसत राहिली.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात फारशी गर्दी नव्हती. न्यायाधीश बाई होत्या, कागदावरून नजर न काढता ऐकायची सवय असलेल्या. ढमढेरेंनी पुरशिस दिली. अपिलात दोषी ठरवण्याला आव्हान देत नाही, असं पक्षकाराचं लेखी म्हणणं. मग ते म्हणाले की माझ्या अशिलांना स्वतः काही सांगायचं आहे. न्यायाधीश बाईंनी परचुरेंना विचारलं की हे तुम्ही समजून, स्वतःच्या मर्जीनं बोलताय ना, तुमच्यावर कोणाचा दबाव नाही ना. परचुरे नाही म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आवाज खोल गेलेला होता, त्यामुळे सगळेजण गप्प झाले. रिक्षा हळू चालली होती म्हणून मी गाडी कडेनं काढली, ते म्हणाले. बाई कडेनं चालत होत्या. स्कूटर बंद होती, त्यांच्या हातात होती. त्यांनी मला पाहिलं आणि गाडी भिंतीकडे ओढायचा प्रयत्न केला. त्यांची काहीही चूक नव्हती. खालच्या कोर्टात मी जे सांगितलं ते खोटं होतं.

भिंतीकडे ओढायचा प्रयत्न केला, हे मंदाकिनीला ठाऊक नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले. जुनी, जड स्कूटर होती ती. मुक्ताला ती स्टँडवर लावतानासुद्धा दम लागायचा.

डोळे उघडले तेव्हा नबीलनं तिच्यासमोर कागद धरलेला होता. पुनरीक्षण अर्ज मागे घेत आहे, आरोपीस बंधपत्रावर सोडण्यास माझी हरकत नाही. पेनचं टोपण काढून त्यानं पेनही तिच्या हातात दिलं. मंदाकिनीनं कागद वाचला आणि पेन त्याला परत केलं.

"मावशी," नबील अगदी हळू म्हणाला, "असं करू नका. मी शब्द दिलाय."

न्यायाधीश बाईंनी मान वर करून काय चाललंय विचारलं. मंदाकिनी उभी राहिली.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "अर्ज मला मागे घ्यायचा नाही."

ढमढेरे भडकले. आपल्या अशिलाची फसवणूक झाली आहे, निवेदन या बोलीवर केलं होतं, ते मागे घेण्याची परवानगी मिळावी, असं त्यांनी एका दमात सांगितलं. नबील मान खाली घालून उभा होता. न्यायाधीश बाईंनी ढमढेरेंना थांबवलं आणि परचुरेंनाच विचारलं, की बोली काय होती ते राहू दे. आत्ता तुम्ही जे सांगितलंत ते खरं की खोटं?

परचुरेंनी मंदाकिनीकडे पाहिलं. खोटं म्हणायची संधी त्यांच्यापुढे उघडी होती. ढमढेरे त्यांच्या बाहीला हात लावत होते.

"खरं आहे," परचुरे म्हणाले.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. दोषी ठरवण्याचा हुकूम कायम. आरोपीनं स्वतःला वाचवण्यासाठी मृत स्त्रीवर वर्षानुवर्षं खोटा ठपका ठेवला, त्यामुळे त्याला बंधपत्रावर सोडता येत नाही. मंदाकिनीचा शिक्षा वाढवण्याचा अर्जही फेटाळला होता. सहा महिने ते सहाच महिने. पण ते आता भोगायचे होते, आणि लगेच.

पोलिसानं परचुरेंचा दंड धरला नाही, नुसता शेजारून चालला. व्हरांड्यात मंदाकिनी खांबापाशी उभी होती. परचुरे तिच्यासमोर थांबले. आवाजात राग नव्हता, खरोखरच समजून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं.

"तुम्ही शब्द दिला होतात."

"तुम्हीही खालच्या कोर्टात उभं राहून सांगितलं होतंत," मंदाकिनी म्हणाली. "लोकांनी विश्वास ठेवला तुमच्यावर."

परचुरे पुढे गेले. गाडीत चढताना त्यांना पायरी दिसली नाही आणि पोलिसानंच हात देऊन त्यांना वर घेतलं. मंदाकिनी गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिली. तिला हायकोर्टाची धास्ती होती. ढमढेरे कागद तयार करून येरवड्याला गेलेही, पण परचुरेंनी सही केली नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिनं निकालातल्या, परचुरेंचं निवेदन असलेल्या पानाची मोठ्या अक्षरात प्रत काढून घेतली आणि भर सकाळी, लोक ऑफिसला निघायच्या वेळी, परचुरेंच्या सोसायटीत गेली. पाणी कपातीच्या सूचनेशेजारी फलकावर तिनं ती चार टाचण्यांनी लावली. वॉचमननं विचारलं, काय आहे. तिनं सांगितलं, तुमच्या परचुरे साहेबांचं निवेदन, सगळ्यांना वाचू दे. दुसरी प्रत तिनं आपल्या केंद्राच्या काउंटरवर, दरांच्या पाटीखाली चिकटवली. लोक रांगेत उभं राहून वाचू लागले. 'मृत स्त्री रस्त्याच्या कडेने, बंद स्कूटर हातात धरून, पायी चालली होती.' ज्या गृहस्थांच्या पिशवीतून तिनं पोळ्या काढून घेतल्या होत्या, तेही एका संध्याकाळी येऊन वाचून गेले. मंदाकिनीनं त्यांना पोळ्या मात्र दिल्या नाहीत.

त्या महिन्यांत तिला गाढ झोप लागायची. सकाळी उठून पहिलं पीठ चाळताना तिच्या मनात येरवड्याचा तुरुंग यायचा. आता त्याला उठवलं असेल, आता रांगेत उभा असेल, ताटलीत काहीतरी पडलं असेल. हे आठवलं की हात भराभर चालायचे. तिला कधी वाईट वाटलं नाही. वाटेल की काय म्हणून तिनं एकदोनदा स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं, पण तिथे काही सापडलं नाही.

नबीलनं फाईल एका मुलाच्या हाती परत पाठवली होती, वर एक चिठ्ठीही नव्हती. त्यानंतर तो केंद्रात आला नाही. दिवाळीला तिनं डबा पाठवला तो तसाच परत आला.

डिसेंबरात नूरबानू आली. तिचं गंज पेठेत शिवणाचं दुकान होतं. मुक्ताचे सगळे ब्लाउज तिनंच शिवलेले. ती आत येऊन ओट्याजवळ बसली, नेहमीसारखी. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की कोर्टात ढमढेरेंनी सगळ्यांना सांगितलंय. आता नबीलच्या तोंडी शब्दावर कोणी वकील तारीखसुद्धा बदलून देत नाही, प्रत्येक गोष्ट लिहून मागतात. इतक्या मेहनतीनं उभा राहिलेला मुलगा, गप्प गप्प झालाय.

मंदाकिनी लाटत राहिली.

"मंदाताई, मुक्ता माझीपण होती," नूरबानू म्हणाली. "त्या माणसाचं जे झालं त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. परत वेळ आली तर तू तेच करशील?"

"त्याच्याशी? हो."

"आणि नबीलशी?"

मंदाकिनीनं पोळी तव्यावर टाकली. पोळी फुगली, तिनं ती उलटली, आणि पुन्हा उलटायची राहून गेली. करपल्याचा वास आला तेव्हा नूरबानूनंच हात पुढे करून गॅस बारीक केला.

थोड्या वेळानं मंदाकिनीनं डब्यात सहा पोळ्या भरल्या, वर गूळपोळीची एक घडी ठेवली, नबीलला लहानपणी आवडायची तशी, आणि डबा नूरबानूपुढे ठेवला. नूरबानू डब्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि उठली.

"त्यानं घेतला तर मला आनंदच आहे," ती म्हणाली. "पण मी नेणार नाही. तू स्वतः जाऊन दे."

ती गेली. काउंटरवर कोणीतरी चार पोळ्या आणि एक उसळ मागत होतं, दुसऱ्यांदा मागत होतं. मंदाकिनीनं डबा बाजूला सरकवला आणि पोळ्या मोजायला घेतल्या.